पेत्रेयामावशीच्या एल्डरखाली

नवऱ्याला पेत्रेयामावशीनं एल्डरच्या झाडाखाली पुरलंय, अशी कुजबुज आमच्या हेसेलमोसे गावात १९५८ सालापासून होती. उघडपणे कोणी बोलत नसे. आम्ही सभ्य माणसं. आम्ही फक्त दबक्या आवाजात बोलतो. ही कुजबुज पहिल्यांदा कोणी केली ते मला पक्कं ठाऊक आहे, पण ती बाई अजून हयात आहे आणि कॉफी माझ्याच दुकानातून नेते, म्हणून तिचं नाव थोरा आहे यापलीकडे मी काही सांगणार नाही.

नवरा म्हणजे लाउस्ट. गवताची छपरं शाकारायचा. कामात चोख, बोलण्यात मुका. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एके सकाळी तो दिसेनासा झाला, आणि त्याच्याबरोबर त्याची सायकलही. साध्या माणसाला वाटलं असतं की सायकलवर बसून गेला असेल. थोराचं म्हणणं पडलं की तिनं सायकलही पुरली.

"पण का गं?" मी विचारलं.

"पुरावा नको म्हणून," थोरा म्हणाली. "तुला ना विगो, नुसती साखर तोलता येते."

पेत्रेयाला कोणी विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "गेला." आणि दार लावून घ्यायची. आता "गेला" या शब्दात जगातले सगळे रस्ते येतात. गावानं त्यातला सर्वांत जवळचा निवडला: स्वयंपाकघराच्या खिडकीपासून बारा पावलांवर असलेलं ते झाड.

त्यात आणखी एक झालं. दुसऱ्या वर्षी त्या झाडाला दुप्पट फळ आलं. काळ्या मण्यांचे घोसच्या घोस, फांद्या जमिनीला टेकलेल्या. गावानं एकमेकांकडे पाहिलं. आणि त्या सप्टेंबरात सुगीच्या जेवणाला तिचं सूप सगळ्यांनी दोनदा मागून घेतलं.

हे सूप काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं फुकट. एल्डरच्या काळ्या फळांचा रस, त्यात साखर, लिंबाची साल, आंबट सफरचंदाच्या फोडी, बटाट्याच्या पिठीनं थोडं दाटवलेलं, आणि वरून टोस्टचा चुरा. फ्युन बेटावर ते घरोघर होतं. माझी बायकोही करायची, देव तिचं भलं करो. पण पेत्रेयाच्या सुपापुढे बाकीची म्हणजे शाईचं पाणी. १९४० सालापासून गावच्या हॉलमधल्या सुगीच्या जेवणाला सूप तिनंच करायचं, ही कुठेही न लिहिलेली गोष्ट होती. तिला मूलबाळ नव्हतं, शेत नव्हतं, आणि अठ्ठावन्ननंतर नवराही नव्हता. वर्षातून एका संध्याकाळी दीडशे माणसं तिच्याकडे ताट पुढे करून उभी राहायची. तेवढंच तिचं होतं.

उंच, काटकुळी बाई. लाउस्टचे गमबूट घालून हिंडायची. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तिची बोटं जांभळी असायची. चर्चमध्ये ती हात जोडून बसली की पाद्रीबुवा नजर दुसरीकडे वळवायचे. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. म्हणजे तोंडावर.

मला त्या झाडाचं भारी कुतूहल. ते फक्त लाउस्टमुळे होतं असं म्हटलं तर खोटं ठरेल, आणि लाउस्टमुळे नव्हतं असं म्हटलं तर त्याहून खोटं. अंडी घ्यायच्या निमित्तानं मी तिच्याकडे जायचो आणि बघत राहायचो. जानेवारीत ती करवत घेऊन झाडाशी भिडायची. जुनाट, खरबरीत सालीच्या फांद्या थेट बुडातून काढायची.

"अगं, एवढी जाड फांदी कापतेस?" मी म्हणालो.

"तीन वर्षांपेक्षा जुनी फांदी म्हणजे जेवून बसलेला पाहुणा," ती म्हणाली. "जागा अडवतो, देत काही नाही. फळ धरतं ते गेल्या वर्षीच्या कोवळ्या फांदीवर."

"हे तू कधीपासून करतेस?"

"लाउस्ट गेल्यापासून. तो करवतीला हात लावू द्यायचा नाही."

आता बघा. दुप्पट फळाचं कोडं तिनं तिथल्या तिथे सोडवून माझ्या हातात दिलं होतं. मी ते कोणाला सांगितलं का? नाही. इतकी चांगली कुजबुज एका करवतीसाठी कोण मोडणार?

झाडाखालची माती ती कधी खणत नसे. एल्डरची मुळं वरवर असतात, म्हणून फक्त गवताची पेंढी आणि कोंबड्यांची विष्ठा पसरायची. कोंबड्यांच्या खुराड्यामागे तिनं दुसरं एल्डर लावलं होतं, कारण एकटं झाड फळ कमी धरतं. जूनमध्ये सरबतासाठी फुलं काढायची तर तीन गुच्छांतला एकच. "फुलं सगळी प्यालात तर सूप कुठून खाल?" असं ती पोरांना बजावायची.

तिचं न खणणं गावाला भलतंच सूचक वाटायचं. एकदा, कबूल करतो, मी लोखंडी गज घेऊन गेलो. ती कोंबड्यांना दाणे टाकायला मागे गेली आणि मी झाडाखाली दोन-तीन ठिकाणी गज खुपसून पाहिला. माती लोण्यासारखी. गज सरळ आत. पाठीमागून आवाज आला.

"विगो, काय शोधतोस?"

"गांडुळं," मी म्हणालो. "मासे धरायला जायचंय."

"गजानं गांडुळं निघतात होय? थांब, चमचा आणते." आणि खरंच चमचा आणला बाईनं. मी तासभर चमच्यानं गांडुळं काढत बसलो आणि ती समोर उभी राहून मोजत होती. तेवीस निघाली. मला मासेमारी येत नाही.

फळ काढायच्या दिवसांत मात्र तिच्याशी थट्टा चालत नसे. घोस पूर्ण काळा झाला आणि त्यानं मान खाली टाकली की मगच कापायचा. घोसात हिरवे-लाल मणी दिसले तर ते वेचून फेकायचे. वेशीपाशी चरात दुसरं एक एल्डर उगवायचं, छातीएवढं, कुबट वासाचं, थंडीत पार जमिनीपर्यंत मरणारं. त्याची फळंही काळीच, पण घोस ताठ वर तोंड करून उभा. "मान खाली घालतो तो आपला," ती पोरांना शिकवायची, "छाती काढून उभा राहतो तो विषारी. माणसांचंही तसंच."

मग स्वयंपाकघरात काट्यानं मणी ओरबाडायचे. देठ बाहेर, पानं बाहेर, बारीक काडीसुद्धा बाहेर. मणी पाण्यात सोडायचे. कच्चे आणि कचरा वर तरंगतो, तो काढून टाकायचा. आणि मग पातेलं चुलीवर. उकळी फुटली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं आणि वीस मिनिटं ते खदखदत ठेवायचं. राजा दारात आला तरी वीस म्हणजे वीस. कच्चा मणी तिनं कधी कोणाला चाखू दिला नाही. पोरं एल्डरच्या पोकळ काडीची शिट्टी करून तोंडात घालायची, तर तीही हिसकावून घ्यायची.

आमच्या शाळामास्तरांची नवी बायको मेरेटे कोपनहेगनची. तिचा विश्वास असा की शिजवलं म्हणजे सगळा जीव गेला. तिनं पेत्रेयाकडून टोपलीभर घोस मागून नेले.

"उकळशील ना?" पेत्रेयानं विचारलं.

"हो हो, मावशी."

घरी गेली आणि देठापानांसकट सगळं यंत्रात घालून कच्चा रस काढला. एक पेला स्वतः, एक पेला मास्तरांना. तासाभरात मास्तर शाळेच्या कुंपणावर वाकलेले आणि मेरेटे न्हाणीघरात. पोटात मुरडा, उलट्या, डोकं गरगर. पेत्रेयाला कळलं तशी ती गमबुटात धावत गेली, माझ्या दुकानातून डॉक्टरांना फोन केला, आणि डॉक्टर येईपर्यंत दोघांच्या मधे बादली घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी दोघं चहा घेण्याइतकी बरी झाली.

"वीस मिनिटं," पेत्रेया मेरेटेला म्हणाली. "वीस मिनिटं जीव जातो त्याचा, म्हणून तुझा राहतो. कळलं का पोरी?"

थोराला अर्थातच वेगळं कळलं. "पाहिलंत? फळं कुणाच्या झाडाची होती?" ती माझ्या गल्ल्यापाशी उभी राहून म्हणाली, आणि रांगेतल्या चार बायकांनी माना डोलावल्या.

असं सोळा वर्षं चाललं. मग १९७४ च्या जानेवारीत पालिकेचं पत्र आलं. गावात सांडपाण्याची पाइपलाइन येणार होती आणि ती पेत्रेयाच्या परसातून, थेट त्या झाडाच्या बुंध्यातून जाणार होती. झाड काढावं लागणार.

पालिकेचा साहेब स्वतः आला. मी तिथे योगायोगानं अंडी घ्यायला गेलो होतो. थोराही योगायोगानं आली होती.

"घराच्या पलीकडून न्या," पेत्रेया म्हणाली. "तिकडे नुसतं गवत आहे."

"नकाशात रेघ सरळ आहे, बाई."

"नकाशा कोणी काढला?"

"मी."

"मग वाकडा काढा."

साहेब हसला. त्याला वाटलं ही थट्टा आहे. पेत्रेया हसली नाही. तिचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. "तिथं खणू नका," ती म्हणाली. "झाड हवं तर कापा. खणू नका."

थोरानं माझ्या बरगडीत असा कोपर मारला की आठवडाभर काळंनिळं होतं.

तीन पत्रं गेली, तीन आली. रेघ सरळच राहिली. शेवटी पेत्रेयानं एक अट घातली: फळ पिकून उतरलं की मगच हात लावायचा. साहेब कबूल झाला. फेब्रुवारीत तिनं झाडाच्या हातभर लांबीच्या काड्या कापल्या आणि खुराड्याच्या भिंतीलगत ओळीनं मातीत खोचल्या. मेमध्ये त्यांना पालवी फुटली. पण काडीला सूप करण्याइतकं फळ यायला तीन वर्षं लागतात, खुराड्यामागचं एकटं झाड दीडशे माणसांना पुरणार नव्हतं, आणि पेत्रेया अडुसष्टची झाली होती.

ऑगस्टच्या शेवटी झाडानं असं फळ दिलं की पानं दिसेनात. जणू त्याला पत्र वाचून दाखवलं होतं. पेत्रेयानं सगळं उतरवलं, रस काढला, उकळला, बाटल्या भरल्या. सुगीचं जेवण शनिवारी होतं. खणायचं यंत्र गुरुवारी आलं.

आणि तिथे काम अडलं. कारण यंत्र लागण्याआधी झाड तोडायला हवं होतं, आणि हेसेलमोसेत झाड तोडायला माणूस मिळेना. जुनी समजूत अशी की एल्डरमध्ये एक म्हातारी राहते, झाडाची आई. तिची परवानगी न घेता कुऱ्हाड घातली तर घरात दुखणं येतं. यावर आमच्यापैकी कोणाचाही विश्वास नाही. आम्ही टीव्ही बघणारी माणसं. पण सुताराचा खांदा दुखत होता, लोहाराला तातडीचं काम निघालं, आणि मी दुकान सोडून येऊ शकत नव्हतो, हे मी कुंपणाला टेकून सगळ्यांना सांगत होतो.

यंत्र चालवणारा ओडन्से शहराचा गडी होता. तो सिगारेट ओढत थांबला. "तोडा ना कोणीतरी," तो म्हणाला.

"तूच तोड," सुतार म्हणाला.

"मी? माझ्या घरी लहान पोर आहे!"

शेवटी पेत्रेयाच कुऱ्हाड घेऊन आली. झाडापुढे उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, तुझं लाकूड आम्हाला दे. माझी हाडं मातीत गेली की ती तुझी."

हाडं म्हटल्याबरोबर कुंपणाला टेकलेली पंचवीस माणसं एकदम श्वास घ्यायची थांबली.

तीनदा विचारायचं असतं. झाड गप्प राहिलं की त्याचा होकार. तिनं तीनदा विचारलं. ओडन्सेच्या गड्यानं टोपी काढली. झाड गप्प राहिलं. एल्डर कधी नाही म्हणत नाही, हीच तर या रिवाजातली सोय आहे. तिनं पहिला घाव घातला, मग सुताराचा खांदा एकदम बरा झाला आणि बाकीचं त्यानं उरकलं.

मग यंत्रानं तोंड खुपसलं. माती निघाली काळीभोर, भुसभुशीत.

"काय माती आहे!" सुतार म्हणाला.

"माणसाचं खत आहे ते," थोरा पुटपुटली.

दुसऱ्या घासात फुटक्या बशा निघाल्या, एक निळी बाटली, मातीच्या चिलमीचा तुकडा. तिसऱ्या घासात काहीतरी घरंगळत येऊन माझ्या बुटापाशी थांबलं. मी वाकून उचललं. कवळी होती. वरचे सगळे दात, गुलाबी टाळ्यासकट, मातीतून माझ्याकडे बघून हसत.

"लाउस्टला कवळी होती!" थोरा किंचाळली. सोळा वर्षांत ती पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलत होती.

यंत्र थांबलं. मी दुकानात जाऊन फोन केला, आणि तासाभरात एस्किल्ड आला. पोलीस, पण गावचाच पोरगा. लहानपणी पेत्रेयानं त्याच्या हातून किमान वीस शिट्ट्या हिसकावलेल्या. त्यानं कवळी रुमालात घेतली आणि टोपी बगलेत धरून तिच्यापुढे उभा राहिला.

"मावशी, विचारावं लागतंय. हे काय आहे?"

पेत्रेयानं कवळीकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. खिडकीत आतल्या बाजूनं रसाच्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या, उन्हात माणकांसारख्या. मग कुंपणावरच्या आमच्याकडे पाहिलं. ती काहीतरी तोलत होती, हे माझ्यासारख्या दुकानदाराला लगेच कळतं.

"शनिवारी सांगते," ती म्हणाली. "जेवण झाल्यावर."

"मावशी, अगं हा पोलिसांचा मामला आहे."

"एवढी वर्षं मातीत पडले होते ते दात. दोन दिवसांत कुठे पळून जातात? आणि मी तरी कुठे जाते? मला दीडशे माणसांचं सूप करायचंय."

एस्किल्डनं बराच वेळ टोपी फिरवली. "सूप झालं की लगेच सांगशील?"

"शेवटचं ताट रिकामं झालं की लगेच."

खोटं कशाला बोलू, मला वाटलं शनिवारी हॉल रिकामा राहणार. खुनी बाईच्या हातचं, तेही त्या झाडाचं, कोण खाईल? दीडशेऐवजी दोनशे दहा माणसं आली. शेजारच्या दोन गावांतून आली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शाळेतून बाकं आणली. मेरेटे आणि मास्तर पहिल्या रांगेत. थोरा त्याच्याही पुढे. पेत्रेया ओगराळं घेऊन उभी होती, जांभळ्या बोटांची, काळा पोशाख घातलेली, आणि आम्ही एकामागून एक ताटं पुढे करत होतो आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. कोणाला भीती वाटत नव्हती, उलट वेगळीच भूक लागली होती. मी तीन ताटं खाल्ली. थोरानं चार. एस्किल्डनं नोकरीवर असल्यामुळे दोनच. तसं सूप तिनं आधी कधी केलं नव्हतं, असं सगळे म्हणाले, आणि ते खरं होतं.

पातेलं खरवडून झालं. पेत्रेयानं ओगराळं धुतलं, पुसलं, एप्रन सोडला, त्याची घडी घातली. मग एस्किल्डकडे वळली, पण बोलली सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"ते दात माझ्या सासूचे. किर्स्टिनाचे. चौतीस साली पडले. खाली वाकली आणि पडले. ती कोणाला सांगू नको म्हणाली, मी सांगितलं नाही."

"वाकली म्हणजे कुठे, मावशी?"

"संडासात. तिथे आमचा जुना संडास होता. छत्तीस साली बुजवला. माशा येऊ नयेत म्हणून जुनी माणसं संडासाला लागूनच एल्डर लावायची. तुमच्याही परसात तसंच असेल, घरी जाऊन बघा."

दोनशे दहा माणसांच्या हॉलमध्ये एक चमचा खाली पडल्याचा आवाज आला. पाद्रीबुवांनी ताटाकडे पाहिलं, ते रिकामं होतं. थोरानं रुमाल तोंडाला लावला तो काढलाच नाही.

"हे तू गुरुवारीच का नाही सांगितलंस?" एस्किल्डनं विचारलं.

"मग जेवायला कोण आलं असतं?"

त्यानं खिशातून वही काढली. मग हळूच विचारलं, "आणि लाउस्टकाका?"

तिनं बोर्नहोल्म बेटावरचा एक पत्ता सांगितला. एस्किल्डनं तो वहीत लिहून घेतला आणि सोमवारी तिकडच्या पोलिसांना फोन केला.

लाउस्ट जिवंत होता. माशांना धुरी देऊन विकायचं दुकान असलेल्या एका विधवेबरोबर तो अठ्ठावन्न सालापासून तिथे राहत होता, आणि सायकलनं कामाला जात होता. त्याचे दात त्याच्या तोंडात होते. झाडाखाली संडास होता.